कोन बुद्रुक, कोन खुर्द

"कोन खुर्द?" तात्या निकमांनी विचारले.

आराखड्यावर बोट ठेवून ते मी लिहिलेली अक्षरे वाचत आहेत, असा माझा समज झाला. म्हणून मी उत्साहाने म्हणालो, "बरोबर. हा कोन खुर्द."

"आन् कोन बुद्रुक?"

"हा इकडचा. हा कोन बुद्रुक."

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. मग मागे उभ्या असलेल्या आपल्या आठ माणसांकडे वळून ते म्हणाले, "ऐकलंत न्हवं? कोन थोरला आन् कोन धाकटा, ते सरकारनं कागदावर लिहूनच दिलंय. आता आपुन काय बोलायचं?"

आठही माणसांनी हातातले दोर खाली टाकले आणि ती बाभळीच्या सावलीत जाऊन बसली. काम बंद पडले.

ही गोष्ट १९७४ च्या मे महिन्याच्या अखेरीची. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. तंत्रनिकेतनातून स्थापत्य शाखेची पदविका घेऊन बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागल्याला मला नऊ महिने झाले होते. लोक मला ओव्हरसियर म्हणत. कारळवणे बुद्रुक आणि कारळवणे खुर्द या दोन गावांना मिळून एक शाळा मंजूर झाली होती आणि तिचे बांधकाम माझ्याकडे होते. जागेवरून तीन वर्षे वाद झाल्यावर शाळा बरोबर शिवेवर बांधायची ठरली होती. पूर्वेची भिंत बुद्रुकच्या हद्दीत आणि पश्चिमेची खुर्दच्या, असा तोडगा निघाला होता. जुन्या कागदपत्रांच्या भाषेत बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे. प्रत्यक्षात खुर्दची घरे आता बुद्रुकपेक्षा चाळीसने जास्त होती, पण नाव काही वाढत नव्हते, आणि तात्या निकमांच्या सरपंचपदाची निम्मी शक्ती त्या एका दुःखावर खर्च होत असे.

भिंती पूर्ण झाल्या होत्या. छप्पर राहिले होते. छपराचे वजन पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणाला आमच्या कामात कैची म्हणतात. खाली आडवी तुळई आणि तिच्या दोन टोकांवरून निघून शिखरावर मिळणारे दोन तिरके वासे, अशी तिची बाह्यरेषा असते. शाळेसमोरच्या सपाट जागेवर ही बाह्यरेषा जोडून तयार होती. मधला खांब बसवायचा, कैची भिंतींवर चढवायची आणि वर कौले घालायची, एवढेच उरले होते. कैची उचलायला सोळा माणसे लागणार होती. आठ बुद्रुकची, आठ खुर्दची.

भूमितीच्या पुस्तकात अशा त्रिकोणाच्या कोनांना अ, ब, क म्हणतात. गावकऱ्यांना आराखडा सहज समजावा, या सद्हेतूने मी बुद्रुकच्या भिंतीवर टेकणाऱ्या पायाजवळ 'कोन बु.' आणि खुर्दच्या भिंतीवर टेकणाऱ्या पायाजवळ 'कोन खु.' असे लिहिले होते. सर्व सरकारी कागदांत गावांची नावे अशीच लिहितात. त्या भागात 'कोण' हा शब्द 'कोन' असा उच्चारतात, हे मला माहीत होते. परंतु आराखडा काढताना त्याचा विचार करावा लागतो, हे तंत्रनिकेतनात कोणी शिकवले नव्हते.

"तात्या, मी अक्षरे खरवडून टाकतो," मी म्हणालो. "ब्लेड आहे माझ्याकडे."

"खरवडायचं कशाला?" हे बुद्रुकचे सरपंच बापू मोकाशी. ते आतापर्यंत एका दगडावर शांतपणे सुपारी कातरत बसले होते. "मंजूर कागद आहे. वरच्या साहेबांची सही आहे. त्यावर ब्लेड फिरवलंत तर मला वर अर्ज करावा लागेल. आमचं म्हणाल तर आमची काहीच तक्रार नाही. कागदावर जसं आहे तसंच बांधा."

"हां! तसंच बांधा म्हनं," तात्या बाभळीखालून ओरडले. "ओव्हरसियरसाहेब, दोनी कोन सारके हायत ह्ये आमच्या डोळ्यांनी दिसत न्हाई, तवर ह्या लाकडाला खुर्दचा हात लागायचा न्हाई."

"अहो, ते सारखेच असतात. समद्विभुज त्रिकोण आहे हा."

"आसंल. दावा मग."

मी शाळेकडे पाहिले. छपराविना उभ्या असलेल्या त्या खोलीच्या दारात हुलवान बाई उभ्या होत्या. सुमित्रा हुलवान या दोन्ही गावांच्या एकमेव शिक्षिका. त्या सकाळी बुद्रुकच्या देवळाच्या सभामंडपात शिकवीत आणि दुपारी माळ ओलांडून खुर्दच्या चावडीत. दोन्हीकडे चौथीपर्यंतच वर्ग. पाचवीसाठी नऊ किलोमीटरवरच्या बाजारगावी जावे लागे. आदल्या वर्षी चौथी पास झालेल्या अकरा मुलींपैकी एकही गेली नव्हती. नव्या शाळेला पाचवी ते सातवीची परवानगी मिळाली होती, पण अटीवर. दहा जूनला उपअभियंता पाहणीला येतील, त्या दिवशी छप्पर पूर्ण असले पाहिजे. नसेल तर परवानगी रद्द. पुन्हा अर्ज, पुन्हा तीन वर्षे. "या वर्षी चौदा मुली आहेत," बाईंनी पहिल्याच भेटीत मला सांगितले होते, आणि चौदाही नावे तोंडपाठ म्हणून दाखवली होती.

आता त्या आत गेल्या आणि फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कोनमापक घेऊन आल्या.

"मोजून दाखवा," त्या म्हणाल्या. "लवकर."

माझ्या हाताने मोजलेले चालणार नाही, असे दोन्ही सरपंचांचे म्हणणे पडले. खुर्दचा कोन तात्या वाचतील आणि बुद्रुकचा बापू. मी कोनमापक नीट लावून दिला. तात्यांनी वाकून, डोळे बारीक करून वाचले. "तीस."

कोनमापक दुसऱ्या पायाशी नेला. बापूंनी चष्मा लावला. कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात. एक डावीकडून वाढत जाते, एक उजवीकडून. बापूंनी त्यांपैकी आपल्या गावाला शोभेल अशी ओळ निवडली.

"दीडशे," ते म्हणाले.



"पाचपट!" तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात संतापापेक्षा समाधान अधिक होते. इतकी वर्षे ते जे सांगत होते, ते आज आकड्यात सापडले होते.

"बापू, ती ओळ चुकीची आहे. या बाजूने आतली ओळ वाचायची. इथे बघा, तीसच आहे."

"मी दीडशे वाचलं."

"दीडशेचा कोन कसा दिसतो सांगू का? वासा भिंतीबाहेर जाईल!"

"म्हंजे कुठनं वाचायचं त्ये बी ठरीव न्हाई?" तात्यांनी विचारले. "मग मोजून काय फायदा? मोजनंच खोटं."

बाईंनी कोनमापक माझ्या हातातून काढून घेतला आणि त्या आत निघून गेल्या. त्यांचे खांदे हलत होते. त्या हसत आहेत की रडत आहेत, हे मला पाठीमागून ठरवता आले नाही.

मोजणे संपले, तेव्हा सिद्ध करणेच शिल्लक होते. मी रीतसर सुरुवात केली.

"हे पाहा, भूमितीत आधी पक्ष मांडतात—"

"आमी कुठल्याच पक्षाचे न्हाई," तात्या तत्काळ म्हणाले.

"नाही, नाही. पक्ष म्हणजे जे दोन्हीकडच्यांना आधीपासून मान्य आहे ते."

"असं कायबी न्हाई," बापू आणि तात्या एकदमच म्हणाले.

"आहे. हे दोन तिरके वासे सारख्या लांबीचे आहेत, हा आपला पक्ष. एवढे मान्य करा. मग कोन सारखे आहेत हे मी तर्काने दाखवतो. आकडा नाही, कोनमापक नाही."

वाशांची लांबी मोजण्यास दोघेही तयार झाले, मात्र दुसऱ्याच्या टेपने नाही. बुद्रुकच्या शिंप्याची टेप आली, खुर्दच्या शिंप्याची टेप आली. बुद्रुकच्या टेपने बुद्रुककडचा वासा मोजला, खुर्दच्या टेपने खुर्दकडचा. अकरा फूट सहा इंच. अकरा फूट सहा इंच. दोन्ही गावे एका आकड्यावर आल्याची ती पहिलीच वेळ असावी. माझी पोलादी टेप पिशवीतच राहिली. कशाला काढायची?

"झाला पक्ष," मी म्हणालो. "आता रचना. शिखरापासून तुळईच्या मध्यापर्यंत एक रेघ काढू. मधली रेघ."

बाभळीखालची आठही माणसे उभी राहिली.

"कसली रेघ?" तात्यांनी हळू आवाजात विचारले.

"मधली. त्रिकोणाचे दोन भाग करणारी."

"साहेब, बावन्न साली मोजणीवाल्यानं ह्याच माळावर मधली रेघ मारली. त्या रेघंत आमची सात आंब्याची झाडं गेली. झाडं जाग्यावर हायती, आंबं ह्ये खात्यात." त्यांनी बापूंकडे बोट केले. "आता परत मधली रेघ? जमायचं न्हाई."

"रेघ आम्हालाही नको," बापू म्हणाले. "कोणाच्या बाजूला सरकेल, काय भरवसा?"

मला त्या प्रमेयाची दुसरी सिद्धता येत नव्हती. शाळेत, तंत्रनिकेतनात, परीक्षेत, सर्वत्र मी मधली रेघ काढूनच ते सिद्ध केले होते. आणि ती रेघ या माळावर निषिद्ध होती. त्या दिवशी आम्ही असेच उठलो. दहा जूनला बारा दिवस उरले होते आणि कौले घालायलाच आठ दिवस लागणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेनबा सुतार कैचीच्या तुळईवर बसून पान लावत होता. गेनबा तिसऱ्या गावचा. म्हणूनच त्याला काम मिळाले होते. त्याने मला जवळ बोलावले.

"साहेब, गुण्या खरा का खोटा, कसं वळखत्यात ठावं हाय का?"

गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन तपासायचा लाकडी कोपरा. मला ठाऊक नव्हते. मी तो नेहमी खराच मानत आलो होतो.

"रेघ मारायची. मग गुण्या पालथा घालायचा, आन् त्याच जाग्यावर परत रेघ मारायची. दोनी रेघा येकीवर येक बसल्या तर गुण्या खरा. त्याला दुसरा गुण्या लागत न्हाई. त्यो सोताच सोताला तपासतो." त्याने पान तोंडात टाकले. "कैची बी पालथी घाला की."

मी त्या लाकडी त्रिकोणाकडे बराच वेळ पाहत राहिलो. डावा वासा उजव्याच्या जागी जाईल, लांबी सारखीच, म्हणून बसेल. उजवा डाव्याच्या जागी, तोही बसेल. शिखराचा कोन स्वतःच्याच जागी. म्हणजे सगळा त्रिकोण आपल्याच पालथ्या रूपाशी एकरूप. म्हणजे एका पायाचा कोन दुसऱ्या पायाच्या कोनाशी एकरूप. मधली रेघ नाही, कोनमापक नाही, काहीच नाही! इतकी स्वच्छ सिद्धता मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि ती चौथी नापास असलेल्या माणसाने पान लावता लावता सांगितली होती.

दहा वाजता मी दोन्ही गावांना बोलावले. कैचीभोवती चुन्याच्या फक्कीने जमिनीवर बाह्यरेषा आखली. लाकडाच्या दोन पायांवर खडूने 'बु.' आणि 'खु.' लिहिले. सोळा माणसांना समजावले की कैची उचलायची, तव्यावरची भाकरी परतावी तशी परतायची आणि पुन्हा त्याच फक्कीवर ठेवायची. केवळ परीक्षेसाठी हात लावायला तात्यांनी आपल्या माणसांना परवानगी दिली.

कैची उचलली. परतली. ठेवली. ती फक्कीच्या रेघेवर अशी बसली की कोठेही बोट शिरेना.

"सिद्ध झाले!" मी ओरडलो. मी ओरडणारा माणूस नव्हे.

तात्या सावकाश कैचीभोवती एक फेरी मारून आले. "बसली बरुबर. म्हंजे आता आमच्या जाग्यावर त्यांचा कोन हाय?"

"हो."

"आन् त्यांच्या जाग्यावर आमचा?"

"हो! म्हणूनच तर—"

"मग आमचा आमाला परत द्या."

"तात्या," गेनबा म्हणाला, "काल त्याला बारका म्हनत व्हता की."

"बारका असंल न्हाईतर थोरला असंल. आमचा हाय."

कैची पुन्हा परतली. ती पुन्हा नेमकी बसली. आता बापू दगडावरून उठले. उचलताना बुद्रुकच्या कोनाला धक्का लागल्याचे त्यांनी स्वतः पाहिले होते. पुन्हा तपासणी व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. तपासणी म्हणजे परतणे. परतली, बसली. मग बुद्रुकचा कोन खुर्दच्या जागी गेला आहे, हे बापूंच्या लक्षात आले. त्यांनी तो परत मागितला. परतली, बसली. मग खुर्दकडच्या एका म्हाताऱ्याने विचारले की यांची तपासणी दोनदा झाली, आमची एकदाच का?

प्रत्येक पलटीबरोबर प्रमेय नव्याने सिद्ध होत होते, आणि प्रत्येक सिद्धतेबरोबर नवी तक्रार जन्मत होती. मी वहीत नोंद ठेवीत होतो. पाचव्या पलटीपर्यंतच्या खुणा त्या वहीत सापडतात. पुढे मीही एका वाशाला हात लावला, त्यामुळे नोंद राहिली नाही. पाणी भरायला निघालेल्या बायका कळशा खाली ठेवून बसल्या होत्या. उन्हाने आणि सोळा जोडी घामेजलेल्या तळहातांनी लाकडावरचा खडू पार गेला. कोणता पाय 'बु.' आणि कोणता 'खु.', हे दुपारी तीनच्या सुमारास कोणालाच सांगता येईना. त्यावरून नवे भांडण सुरू होणार, इतक्यात हुलवान बाई पुढे आल्या.

"बापू, तात्या, तुम्ही दोघं त्या बाभळीखाली जा आणि माळाकडं तोंड करून उभे राहा. बाकी कोणी बोलायचं नाही."

वर्गात बोलतात त्याच आवाजात त्या बोलल्या. दोघेही सरपंच मुकाट्याने गेले. बाईंनी सोळा जणांना खूण केली. कैची दोनदा परतली की तीनदा, ते मला सांगता येणार नाही. मग बाईंनी दोघांना बोलावले आणि कैचीच्या शिखराशी उभे केले.

"आपलं पोर पन्नास पोरांत ओळखता येतं. आपला कोन दोघांत ओळखा. मी तीन म्हटल्यावर एकदम बोट दाखवायचं. एक. दोन. तीन."

तात्यांनी बोट दाखवले. बापूंनी बोट दाखवले.

दोघांचीही बोटे पूर्वेकडच्या पायावर होती.

कलत्या उन्हात त्या कोपऱ्याची सावली जमिनीवर पसरली होती आणि तो भरदार दिसत होता, हे त्याचे कारण असावे. दोघांनाही आपला कोन भरदारच ठाऊक होता.

"हा आमचा," तात्या म्हणाले.

"हा आमचा," बापू म्हणाले.

"मग त्यो पल्याडचा कोनाचा?" गेनबाने निरागसपणे विचारले.

 पश्चिमेकडचा पाय एकटाच उन्हात पडून होता. मग कळशांच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "बेवारशी दिसतोय गं!" आणि त्या सगळ्या बायका हसू लागल्या. आधी खुर्दच्या, मग बुद्रुकच्या, मग सोळा माणसे. बापूंनी बोट खाली घेतले. तात्यांनी ते बराच वेळ तसेच धरून ठेवले, कारण आता ते खाली कसे घ्यावे हे त्यांना समजेना.

"असू दे," हुलवान बाई म्हणाल्या. "तो शाळेला द्या."

तात्यांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. "उचला रे," ते म्हणाले. "भिताडावर चढवा. कुठला बी कुठं बी बसवा."

मधला खांब बसला. कैची चढली. आठ जूनच्या संध्याकाळी शेवटचे कौल लागले.

दहा जूनला सकाळी सात वाजता मी मोजमाप पुस्तक घेऊन शाळेत गेलो. झालेल्या कामाची प्रत्येक लांबीरुंदी या पुस्तकात प्रत्यक्ष मोजून लिहायची असते. आधी लिहून मग मोजायचे, असे करणारे सहकारी मी पाहिले होते. मी तसे कधी केले नव्हते. टेपचे दुसरे टोक धरायला मी दोन्ही गावांतल्या कोणालाही बोलावले नाही. बाई आधीच येऊन फळा पुसत होत्या.

"मी वाशाच्या पायाशी टोक धरतो," मी म्हणालो. "तुम्हाला शिडीवर चढता येईल?"

"मी माळावरून रोज दोनदा चढउतार करते," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून वर गेल्या.

या वेळी टेप पोलादी होती.

"अकरा फूट सहा," त्यांनी वरून वाचले. शिडी दुसऱ्या बाजूला लावली. "अकरा फूट..." त्या थांबल्या. "तुम्ही टोक नीट धरलंय?"

"धरले आहे."

"अकरा फूट साडेसहा."

आम्ही तीनदा मोजले. तिन्ही वेळा तेच. शिखराच्या खाचेत एक वासा अर्धा इंच कमी बसला होता. शिंप्यांच्या दोन टेपांनी, एक ताणलेली आणि एक सैल, तो अर्धा इंच गिळून टाकला होता. आणि फक्कीची रेघ बोटभर जाड होती.

बाई शिडीच्या वरच्या पायरीवर बसल्या. "तुमची सिद्धता बरोबर होती," त्या म्हणाल्या. "पक्ष चुकला."

"कोनात फरक पडतो तो अंशाच्या दहाव्या भागाइतका," मी म्हणालो. "छपराला काहीही होणार नाही. शंभर वर्षे टिकेल. अनुज्ञेय मर्यादेत आहे हे."

"हेच साहेबांपुढं म्हणणार?"

"पुस्तकात तसेच लिहावे लागेल. अकरा सहा, अकरा साडेसहा, फरक अनुज्ञेय मर्यादेत."

बाईंनी वरून तात्यांचा आवाज काढला. "मर्यादेत म्हंजे? कमी कोनाचा?"

मी पुस्तक मिटले. बाहेर चौदा मुलींपैकी तिघी-चौघी येऊन दारातून छपराकडे पाहत होत्या.

उपअभियंता टिपणीससाहेब दहा वाजता आले. दोन्ही गावे आली. साहेबांनी खोलीभर फिरून भिंती ठोकून पाहिल्या, कौले पाहिली, मग आराखडा उलगडला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"गळवे, हे काय? कोन बु., कोन खु.? असली नावे कोण देतो?"

"मी दिली, साहेब."

"वेगळी नावे दिलीत म्हणजे कोन वेगळे आहेत की काय?"

खोलीत पन्नास-साठ माणसे होती. तात्या दाराजवळ होते, बापू खिडकीजवळ. दोघांनीही माना पुढे काढल्या. मोजमाप पुस्तक माझ्या काखेत होते. त्यातल्या त्या ओळी अजून कोऱ्या होत्या.

"मोजले का?"

"मोजले, साहेब."

"मग?"

'अनुज्ञेय' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. तो खरा होता. नियमात बसणारा होता, आणि तो उच्चारल्याबद्दल कोणीही मला कधी दोष दिला नसता.

"एकरूप आहेत, साहेब," मी म्हणालो. "दोन्ही वासे अकरा फूट सहा इंच."

साहेब बाईंकडे वळले. "काय बाई, तुम्ही भूमिती शिकवणार ना इथे? ठीक आहे ना सगळे?"

"टेप मीच वाचली, साहेब," बाई म्हणाल्या.

साहेबांनी सही केली. मी तिथेच उभ्याने, त्यांच्याच पेनने, पुस्तकात दोन सारखे आकडे लिहिले. माझ्या छत्तीस वर्षांच्या सेवेत न मोजता लिहिलेले दुसरे काही नाही. हेही मी न मोजता लिहिले, असे म्हणता येत नाही.

लोक पांगल्यावर मी बाईंना म्हणालो, "तुम्ही खोटं बोलला नाहीत."

"नाही," त्या म्हणाल्या. "ते तुमचं काम होतं."

त्या जूनमध्ये पाचवीच्या हजेरीपटावर चौदापैकी बारा मुलींची नावे लागली. पुढच्या वैशाखात बाईंचे आणि माझे लग्न झाले. जेवणाच्या पंक्तीत तात्यांनी मला जवळ ओढून कानात विचारले की आता तरी खरे सांगा, आणि पाचच मिनिटांनी बापूंनी दुसऱ्या कानात तेच विचारले. दोघांनाही माझ्या पत्नीने आग्रहाने आणखी एक जिलबी वाढली. शाळा पुढे दहावीपर्यंत झाली. छप्पर तेच आहे, कैचीही तीच. तिचा लांब वासा कोणत्या भिंतीवर टेकला आहे, ते मी येथेही लिहीत नाही. दोन्ही गावांत आता वाचणारे पुष्कळ आहेत.